दुरुस्तीला निघालेले गुरुजी

चुकीचं शिकवणारे शिक्षक जगात पुष्कळ असतील, आणि त्यांतल्या काहींना आपलं चुकलं हे पुढे कधीतरी कळतही असेल. पण चुकलेला धडा तीस वर्षांनी परत घ्यायला बॅग उचलून विद्यार्थ्यांच्या दारोदार हिंडणारा शिक्षक साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. उमरीच्या शाळेत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. चौतीस वर्षं त्यांनी हिमालय, वाळवंटं, समुद्र आणि बर्फातल्या लोकांचं जेवणखाण शिकवलं, आणि या चौतीस वर्षांत स्वतः मात्र नांदेडच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. घरी आजारी आई, गोठ्यात दोन म्हशी आणि कमरेला शाळेची किल्ली, त्यामुळे माणूस जाणार तरी कुठे. नांदेडलाही ते सकाळच्या रेल्वेने जात आणि दुपारच्या रेल्वेने परत येत. पण नकाशावर छडी टेकवून "इथं लई थंडी असते बरं का" म्हणताना ते खांद्यावरचं उपरणं असं गच्च ओढून घेत, की मार्च महिन्यातही पहिल्या बाकावरच्या पोरींना हुडहुडी भरायची.

निवृत्तीच्या समारंभात गावाने त्यांना शाल, श्रीफळ आणि चाकं असलेली एक बॅग दिली. बॅगेची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण पुढचा सगळा घोटाळा तिनेच केला. तोवर आई गेली होती, म्हशी विकून झाल्या होत्या आणि किल्ली नव्या मास्तरांच्या कमरेला लागली होती. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, सांगतात की महिनाभर ते रोज सकाळी ती बॅग पुसायचे, अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. मग एक दिवस म्हणाले, "गोदावरी निघते कुठून, ते बघून येतो." त्या खेपेत बॅगेचं एक चाक त्र्यंबकेश्वराच्या पायऱ्यांवर निखळलं. ते त्यांनी आजवर बसवून घेतलेलं नाही. तेव्हापासून चाकाची बॅग डोक्यावर घेऊन ते भारतभर हिंडतात.

त्या पहिल्याच प्रवासात त्यांना मोठा धक्का बसला. नांदेडच्या घाटावर पुराची गोदावरी पाहिलेला हा माणूस डोंगर चढून वर गेला, तर उगमापाशी पाण्याची एक बारीकशी धार. लोक हात जोडत होते आणि गुरुजी कपाळाला हात लावून बसले होते. शेजारच्या बाईने "आजोबा, बरं वाटत नाही का?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हिला नांदेडपर्यंत जायचं हाय. कुणी सांगितलंय का हिला?" त्यांचं खरं दुःख वेगळंच होतं. वर्गात 'उगम' हा शब्द उच्चारताना ते दोन्ही हात भिंतीला लागतील एवढे पसरत असत. परत आल्यावर ते स्टेशनवरून थेट एका जुन्या विद्यार्थ्याच्या किराणा दुकानात गेले, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून पुढे झाले आणि दोन बोटांत चिमूटभर जागा ठेवून म्हणाले, "उगम एवढा असतो. मी तुला एवढा दाखवला होता. गलती माझी. दुरुस्त करून घे." तूरडाळ मोजणाऱ्या त्या बिचाऱ्याला हातातला तराजू खाली ठेवून, बोटं करून दाखवावी लागली, तेव्हा कुठे गुरुजी घरी जेवायला गेले.

त्यानंतर त्यांची ही पद्धतच पडली. आधी प्रवास, मग दुरुस्ती. प्रवासात देऊळ, किल्ला, बाजार यांकडे त्यांचं लक्ष नसतं. ते आपले एखाद्या घरापुढे उभे राहतात आणि विचारतात: पाणी कुठून आणता, वारा कुठून येतो, घराचं तोंड इकडेच का केलं. लोक आधी चमकतात, मग खुर्ची देतात, मग जेवायलाच घालतात. एकदा पेन्शनरांच्या सहलीबरोबर ते दक्षिणेत चहाचे मळे बघायला गेले आणि बाकीचे फोटो काढत असताना हे झाडाशेजारी उभे राहून स्वतःच्या कमरेशी त्याची उंची ताडून बघत राहिले. वर्गात त्यांनी चहाचं झाड आंब्याएवढं काढलं होतं आणि त्यावर चढून पानं खुडणाऱ्या बायकाही दाखवल्या होत्या. ही दुरुस्ती देगलूरच्या स्टँडवर चहाची टपरी चालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, झाड कमरेएवढं असू द्या न्हाईतर आभाळाएवढं. साखर किती टाकू ते सांगा."

उंटाचं प्रकरण मात्र एका टपरीवर मिटण्यासारखं नव्हतं. उंटाच्या कुबडात पाणी असतं, हे गुरुजींनी चौतीस वर्षं, चौतीस तुकड्यांना, घोटून घोटून शिकवलं होतं. राजस्थानात एका उंटवाल्याला त्यांनी विचारलं, की एका कुबडात किती घागरी मावतात. तो एवढा हसला की उंटसुद्धा मागे वळून बघायला लागला, असं गुरुजी स्वतःच सांगतात. कुबडात चरबी असते. आता चौतीस तुकड्या शोधायच्या कुठे? तेवढ्यात उमरीत एका विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न निघालं. आशीर्वाद द्यायला म्हणून कुणीतरी गुरुजींच्या हाती माईक दिला. गुरुजींनी मंडपावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "उंटाच्या कुबडात पाणी न्हाई, चरबी असते. ज्यांना ज्यांना मी उलटं सांगितलं त्यांनी आपापल्या लेकरांना आजच सांगावं. नवरा-नवरीनं सुखानं नांदावं." एवढं बोलून ते खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेव परगावचा, तो शेवटपर्यंत गोंधळलेलाच होता.

हे सगळं मी लांबून ऐकत होते आणि सगळ्यांसारखीच हसत होते. मी लातूरच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. माझ्या वाट्याची काही दुरुस्ती असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणजे, वाटलं होतं, पण मी ते बाजूला सारलं होतं. सातवीत गुरुजी भरती-ओहोटी शिकवत होते. फळ्यावर चंद्र काढला होता, समुद्र काढला होता. माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि मला शाळेत सोडताना रोज बजावायचे, की समजलं नाही तर विचारायचं, न घाबरता विचारायचं. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात हात वर केला आणि विचारलं, "गुरुजी, ओहोटीला पाणी जातं कुठं?" गुरुजींनी एकदा फळ्यावरच्या समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठं जातंय? तुझ्या घरी येतंय का? बस खाली." वर्ग हसला. आमच्या बौद्ध वस्तीत हातपंप एकच, आणि तोही निम्मा वेळ बंद, त्यामुळे पोरांना हा विनोद जरा जास्तच आवडला. पुढे कित्येक दिवस "काय गं, आला का समुद्र?" असं चालू होतं. वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी दार वाजलं. सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, दार उघडलं. समोर डोक्यावर बॅग घेतलेले, धोतराला वाळू लागलेले एक म्हातारे गृहस्थ. आत्यांनी विचारलं, "कोण पाहिजे?" ते म्हणाले, "सातवी ब. मागून दुसरा बाक." मी स्वयंपाकघरातून आवाज ओळखला आणि हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आले. गुरुजींनी बॅग खाली ठेवली, एका डोळ्यावर हात धरून मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू झालाय. तुझी काकू म्हणते, आता बास करा हिंडणं. मी म्हटलं, एक दुरुस्ती राहिलीय, तेवढी करतो अन् चुकांची वही बंद करतो."

ते कोकणातून थेट आमच्याकडे आले होते. आठ दिवस एका किनाऱ्यावर त्यांनी वाळूत काठी रोवून मुक्काम ठोकला होता. काठीवर खुणा, मांडीवर वही, आणि पाणी कुठपर्यंत आलं याची दर तासाला नोंद. तिथल्या एका मासेवालीने दोन दिवस बघून तिसऱ्या दिवशी विचारलं, "आजोबा, कुणाची वाट बघताय?" गुरुजी म्हणाले, "पाण्याची." तिने रोज दुपारी त्यांना भात आणून दिला. "पोरी, समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो," गुरुजी मला सांगत होते. "रोज. आपल्या शाळेत असता तर मी लाल शेरा मारला असता." मग त्यांनी आत्यांकडून परात मागितली, तीत पाणी घातलं आणि परात एका बाजूने उचलली. "इकडं बघ. इथलं उतरलं म्हंजे तिथलं चढलं. पाणी कुठं जात न्हाई. आपल्याकडून गेलं म्हंजे दुसऱ्याच्या दारी गेलं. तू इचारलं होतंस ना, जातं कुठं? हे त्याचं उत्तर."

गुरुजी भिंतीकडे पाठ करून बसले होते आणि त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, आमचा मोठा फोटो होता: मी, माझे यजमान आणि आत्या, तिघं कोकणच्या समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात उभे. लातूरला येण्याआधी माझी नेमणूक सहा वर्षं कोकणात होती. दवाखान्याच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा. भरती-ओहोटीच्या वेळा मला ड्युटीच्या वेळांइतक्या पाठ होत्या. आत्यांना ती सहा वर्षं माशांच्या वासात काढल्याचा अजून राग आहे, त्यामुळे त्यांना राहवेना. त्या म्हणाल्या, "अहो पण आम्ही तर..." मी म्हटलं, "आत्या, चहा टाकता का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच एका शब्दाने उलट न बोलता उठून आत गेल्या.

गुरुजींनी परात खाली ठेवली. पाणी स्थिर होईपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग म्हणाले, "तू त्या दिवसापासून एकबी सवाल इचारला न्हाईस. सातवी गेली, आठवी गेली. मी बघून राहिलो होतो, आज हात वर येतो का, उद्या येतो का. आलाच न्हाई. मला उत्तर मालूम नव्हतं पोरी. मालूम न्हाई म्हणायची लाज वाटली, म्हणून पोरांना हसवलं." मी या माणसावर तीस वर्षं रागावले होते, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तो राग आता उरला नाही हेही तेव्हाच कळलं. रडू येत होतं. समुद्र मी पाहिलाय हे त्यांना सांगणं खरेपणाचं झालं असतं, पण आठ दिवस वाळूत बसून आणलेली वस्तू मला परत करायची नव्हती.

गुरुजींनी वही बॅगेत घातली आणि चेन ओढायला लागले. जुन्या बॅगेची चेन, ती मध्येच अडली. वही बंद होणार म्हणजे गुरुजींचं हिंडणंही बंद होणार, हे मला दिसत होतं. आणि मला एक गोष्ट आठवली. कोकणात ड्युटी संपल्यावर मी धक्क्यावर जाऊन बसायचे, आणि सहा वर्षं एकच प्रश्न माझ्या मनात यायचा. डॉक्टरांना विचारावा तर ते घाईत, सोबतच्या सिस्टरांना विचारावा तर त्या हसतील असं वाटायचं. विचारायची सवयच मोडली होती. मी नकळत हात वर केला. पिठाचा हात, चाळिशी ओलांडलेल्या बाईचा. "गुरुजी, चंद्र समुद्राचं पाणी ओढतो. मग आपल्या विहिरीवरही तोच चंद्र असतो की. विहिरीला भरती का येत नाही?"

गुरुजींचे हात चेनवरच थांबले. त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा म्हणायला लावला. मग वही बाहेर काढली, डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लिहून घेतलं, आणि आत चहा गाळणाऱ्या आत्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मालूम न्हाई." त्यांच्या तोंडावर एवढा आनंद मी वर्गात कधी पाहिला नव्हता. "मला मालूम न्हाई. बघून सांगतो."

आता दर पौर्णिमेला ते उमरीबाहेरच्या एका विहिरीवर सकाळपासून गाठी मारलेली दोरी सोडून बसतात. पहिल्या खेपेला विहीरमालकाला वाटलं, म्हातारबुवा घरी भांडून आले, म्हणून त्याने काकूंनाच बोलावून आणलं. आता तोच दोरी धरायला बसतो. पाण्याजवळच्या गाठी दिसेनात म्हणून गुरुजींनी मोतीबिंदूचं ऑपरेशन मुकाट्याने करून घेतलं, याबद्दल काकूंनी मला साडी पाठवली. आत्या म्हणतात, "एवढं बेजार कशाला करतेस त्यांना? तुझ्या त्या फोनला विचार की, एका मिनिटात सांगेल." मी नाही विचारत. पौर्णिमेला संध्याकाळी गुरुजींचा फोन येतो. "पाणी हललं न्हाई. अजून बघू," एवढंच बोलतात. पण आता त्यांची पंचाहत्तरी जवळ आली आहे, आवाजही पूर्वीसारखा राहिलेला नाही. म्हणून हल्ली फोन ठेवायच्या आधी मी त्यांना आणखी एखादा प्रश्न विचारून ठेवते.