बैलगाडीतून पाहिलेला सिनेमा
डिझेलचा वास आला की एकाहत्तरच्या लढाईनंतरचा उन्हाळा आठवतो. घोडेगावच्या बाजारतळावर उघड्यावर सिनेमा आला होता. जनरेटर धडधडत होता आणि बैल सोडून आम्ही गाडीतच बसलो होतो. आधी लढाईचा बातमीपट लागला. ट्रकमधले हसणारे जवान दिसले आणि मावशी ताडकन उठली. तिचा नवरा त्याच लढाईत पडला होता. ती धावत यंत्रवाल्याकडे गेली. "तेवढं परत लावा वो, आमचं मानूस हाय त्यात." त्यानं रीळ मागं घेऊन पुन्हा लावलं. एवढ्या गर्दीत कुणी ओरडलं नाही. "हसत हुते," म्हणत मावशी गाडीत येऊन बसली. मला त्यांत काका दिसले नव्हते, आईलाही नाही. आम्ही तिला ते कधीच सांगितलं नाही. आता मावशीही नाही, आणि वाटतं, बरंच केलं.