पाणीवालीचा वायरलेस

सुनंदाबाई रुपचंद पाटील आमच्या नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात पाणी पाजायच्या नोकरीला होत्या. आग विझवणाऱ्या विभागाला पाणी पाजायला वेगळी बाई कशाला, असं विचारू नका. आमच्या बंबातलं पाणी पिण्यालायक नव्हतं, आणि पुष्कळदा बंबात पाणीच नव्हतं.

गाव दोंडाईच्याच्या अलीकडे. नाव सांगत नाही, कारण तिथले निम्मे लोक माझे नातेवाईक आहेत. मी त्या नगरपालिकेत कनिष्ठ लिपिक होतो, आणि पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सुनंदाबाईंचे यजमान रुपचंद आमच्याच बंबावर जवान होते. आगीत गेले असते तर निदान एखाद्या चौकाला नाव मिळालं असतं. ते काविळीने गेले. त्यानंतर दोन वर्षं बाईंनी जीवराम आबांच्या गोदामात मिरचीचे देठ तोडले. ८२ साली अनुकंपा तत्त्वावर त्यांची फाइल हलली. नवऱ्याची जागा द्यायची तर बाई शिडीवर कशी चढणार, यावर सभागृहात दीड तास चर्चा झाली आणि शेवटी त्यांच्या हाती माठ आणि ओगराळं दिलं गेलं. शिडीवर त्या चढतात की नाही हे बघायला कोणी शिडी आणली नाही.

८६च्या दिवाळीच्या सुमारास धुळ्याहून एक जाडजूड पत्र आलं. लहान नगरपालिकांच्या आणीबाणीच्या सेवांसाठी शासनाने अनुदान मंजूर केलं होतं. आम्हाला तीन वायरलेस संच मिळणार होते. एक ठाण्यात ठेवायचा, एक बंबावर बसवायचा, एक हातात धरायचा. शिवाय एका कर्मचाऱ्याला नागपुरात एकवीस दिवसांचं प्रशिक्षण. कर्मचारी अग्निशमन विभागातलाच हवा आणि मॅट्रिक पास हवा. माणूस पाठवला नाही, तर संचही नाहीत.

मुख्याधिकारी साहेबांनी मला विभागाची सेवापुस्तकं आणायला सांगितली. सात जवानांची सात पुस्तकं आम्ही दोघांनी चाळली. ड्रायव्हर धनसिंग चौथी. दोघे सातवी नापास. एकाच्या पुस्तकात शिक्षणाच्या रकान्यात ‘उत्तम’ असं लिहिलेलं होतं. सगळी संपली तेव्हा खाली आठवं पुस्तक उरलं. एस.एस.सी., तिसरा प्रयत्न, अडतीस टक्के.

“ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“तुम्ही आत्ता ज्यांच्या हातचं पाणी प्यालात, त्या.”

साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं आणि बाईंना बोलावलं.

“नागपूरला जाल का?”

“जाईन साहेब. पण एकवीस दिवस ह्या लोकांना पाणी कोण पाजेल?”

“घेतील की आपलं आपण.”

“चार वर्षांत कधी पाहिलं नाही, म्हणून विचारलं.”

घरी सासूबाई, भागाबाई, चुलीपुढे बसून होत्या. “नागपूर कितलं दूर शे?” एवढंच त्यांनी विचारलं. किती दूर आहे ते सुनंदाबाईंनाही ठाऊक नव्हतं. मग भागाबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला आणि पोती शिवायचं दाभण फडक्यात गुंडाळून सुनेच्या पिशवीत टाकलं. गाडीत कोणी जवळ सरकलंच तर, म्हणून.

प्रशिक्षणाला बावीस पुरुष होते आणि ह्या एक. पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिघांनी त्यांच्यापुढे रिकामे ग्लास धरले. बाईंनी सवयीने भरून दिले. “भाऊ, ग्लास भरल्यावर कळलं की मी इथे पाणी पाजायला आलेली नाही,” त्या मला नंतर म्हणाल्या. “त्यांचा नाही, मला माझा राग आला. रात्री जेवले नाही.” दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायला लागल्या. तिथे त्यांना तीन गोष्टी पक्क्या समजल्या. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने बटण दाबून धरलं की बाकीचे सगळे मुके. आणि तोंडाने बोलता येत नसेल तर नुसतं बटण वाजवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. परीक्षेत बाई चौथ्या आल्या.

संच आले ते मार्चच्या तीस तारखेला, कारण अनुदान एकतीस तारखेपर्यंत खर्ची पडलं पाहिजे असा नियम होता. पाण्याच्या टाकीवर एरियल चढलं. हातातला संच मात्र ठाण्यात जेमतेम एक दिवस राहिला. नगराध्यक्ष मोतीलालशेठ यांनी तो जनतेच्या सेवेसाठी स्वतःकडे घेतला. धोतराच्या कनवटीला तो अडकवून ते लग्नांना जायचे, आणि मंगलाष्टकं चालू असताना संच खरखरला की चेहरा असा करायचे, जणू दिल्लीहून बोलावणं आलंय.

“ठाणे, ठाणे, मोतीलाल बोलतोय. घरून डबा निघाला का बघा. ओव्हर.”

“संदेश आणीबाणीचा नाही. ओव्हर,” इकडून सुनंदाबाई.

शेठना ओव्हर हा शब्द फार आवडला होता. त्याचा अर्थ धन्यवाद असा असावा, अशी त्यांची समजूत होती.

बाईंचं पद बदललं नाही. ऑपरेटरचं पद मंजूरच नव्हतं. संच ठेवलेल्या टेबलाशेजारी माठ आला, आणि बाई दोन्हीकडे बघायच्या. जवान त्यांना वहिनी म्हणायचे. धनसिंगला बंबावरचा संच वापरायला त्यांनीच शिकवलं. आधी तो बटण सोडायलाच विसरायचा आणि त्याने रस्त्यातल्या म्हशींना दिलेल्या शिव्या ठाण्यात स्वच्छ ऐकू यायच्या.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, भर दुपारी, जीवराम आबांच्या मिरचीच्या गोदामाला आग लागली.

कापसाची आग आम्ही पाहिलेली होती. मिरचीची आग कोणी पाहिलेली नव्हती, आणि पाहताही येत नव्हती. अर्ध्या गावाचे डोळे मिटले. शाळा सुटली. मारुतीच्या पारावरचे म्हातारे खोकत खोकत नदीकडे पळाले. बंब निघाला. मी ओला रुमाल तोंडाला बांधून ठाण्यात पोहोचलो, तेव्हा सुनंदाबाई संचापुढे बसल्या होत्या आणि संचातून फक्त खोकला येत होता.

“धनसिंगभाऊ, काय दिसतंय? ओव्हर.”

खोकला. मग बोलायचा प्रयत्न. मग आणखी मोठा खोकला.

बाईंनी बटण दाबलं. नागपूरला शिकवलेली शुद्ध भाषा त्यांनी बाजूला ठेवली आणि घरची अहिराणी धरली. “भाऊ, बोलू नको. नुसतं बटन दाब. हो तर एकदाव, नही तर दोनदाव. पानी शे का?”

खट.

“देठ तोडनाऱ्या बाया बठ्ठ्या बाहेर शेतस का?”

खट. खट.

म्हणजे सगळ्या बाहेर आलेल्या नव्हत्या. बाईंच्या कपाळावर घाम होता, पण आवाज तोच. त्या गोदामात त्यांनी दोन वर्षं काढली होती. दुपारी बाया मागच्या पडवीत भाकरी खायला बसतात, आणि मागचं दार पोत्यांच्या थप्पीमागे बुजलेलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

“मांगल्या पडवीमा अडकेल शेतस का?”

उत्तर यायचं, तेवढ्यात संचातून दुसराच आवाज आला. “हॅलो! ठाणे! मोतीलाल बोलतोय! डोळ्यांची आग होतेय! बंब आधी माझ्या वाड्यावर पाठवा! हॅलो!” मग शेठ खोकायला लागले. खोकताना त्यांची मूठ आवळलेली, आणि मुठीत बटण. एकाने दाबून धरलं की बाकीचे मुके. पंधरा, वीस सेकंद आम्ही नगराध्यक्षांचा खोकला ऐकत बसलो. तिकडे धनसिंग काय वाजवत होता, देव जाणे.

श्वास घ्यायला शेठची मूठ सुटली, आणि बाईंनी बटण दाबलं.

“अध्यक्षसाहेब, बोट काढा आणि गप बसा! ओव्हर!”

ठाण्यासमोर नळावर डोळे धुणारी चाळीसेक माणसं होती. संचाचा भोंगा खिडकीत. ते सगळ्यांनी ऐकलं.

शेठ खरंच गप बसले. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. खट. पडवीत आहेत.

“तेलघाणीनी गल्लीकडथून भिंत फोड. मातीनी शे. मोरीना वर फोड. समजनं का?”

खट.

पुढची दहा मिनिटं काहीच आलं नाही. बाईंनी माठातलं पाणी ओतलं, तोंडाशी नेलं आणि न पिता खाली ठेवलं. मग संच खरखरला. खोकल्यातून, फाटक्या गळ्याने धनसिंग म्हणाला, “वहिनी… अकरा बाया. बठ्ठ्या बाहेर.” ओव्हर म्हणायला तो विसरला. बाईंनी त्याला टोकलं नाही. त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. नंतर विचारलं तर मिरचीचा धूर होता म्हणाल्या.

गोदाम तीन दिवस धुमसलं आणि गावाने आठवडाभर फोडणी दिली नाही.

शेठनी मात्र पाचव्या दिवशी नोटीस काढायला लावली. लोकप्रतिनिधीशी उद्धट भाषा वापरल्याबद्दल कारणे दाखवा. ती टंकलिखित मीच केली, ह्याची मला लाज आहे. बाईंनी उत्तर दिलं, तेही मीच टंकलं, त्याची नाही. उत्तर दोन ओळींचं होतं. ‘प्रशिक्षण पुस्तिकेनुसार आणीबाणीत इतर केंद्रांनी शांतता पाळावी. हे वाक्य मी अध्यक्षसाहेबांना घाईत, मराठीत सांगितले.’

मुख्याधिकारी साहेबांनी उत्तर वाचलं आणि ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग गंभीर चेहऱ्याने ‘खुलासा समाधानकारक’ असा शेरा मारला. गावात तोवर व्हायचं ते झालं होतं. मोतीलालशेठ कुठे भाषणाला उभे राहिले की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, “बोट काढा.” दोन महिन्यांनी हातातला संच त्यांनी स्वतःहून परत पाठवला, बॅटरी बिघडल्याचं कारण देऊन. बॅटरी ठणठणीत होती.

आगीनंतरही ऑपरेटरचं पद मंजूर व्हायला पाच वर्षं लागली. मधल्या काळात अनुदानाचा दुसरा हप्ता आला आणि धुळ्याला जिल्ह्यातल्या जवानांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. बाईंना बटण वाजवून बोलायची पद्धत दाखवायला बोलावलं होतं. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नाव ‘श्री. सुनंद पाटील’ छापलेलं होतं, कारण व्याख्याता बाई असेल हे छापणाऱ्याला पटलं नाही. बाई उठल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाने, “अक्का, श्री. पाटील कुठे आहेत?” असं विचारलं.

“तेच बोलणार आहेत,” बाई म्हणाल्या, आणि एक तास बोलल्या. निम्मं अहिराणीत.

९३ साली त्यांच्या नावापुढे ऑपरेटर लागलं. त्या दिवशी भागाबाईंनी सांजोऱ्या करून ठाण्यात पाठवल्या. पाणी पाजायची जागा रिकामी झाली, ती भरायला शासनाची परवानगी आली नाही. जवान एकमेकांकडे बघत बसले. शेवटी धनसिंग उठला, ओगराळं घेतलं, आणि पहिला ग्लास वहिनींपुढे ठेवला.