‘लांब का?’ विचारणाऱ्या शेवंताआजी

मारुंजीत राहायला आले त्याच्या दुसऱ्या सकाळी सोसायटीच्या मागच्या फाटकातून मी बाहेर पडले आणि थेट कोणाच्या तरी अंगणात जाऊन उभी राहिले. पुढे रस्ता असेल अशी माझी समजूत होती. तर समोर पत्र्याचं घर, दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी लुगडं आणि दारात बसून तांदूळ निवडणारी एक म्हातारी. मी ‘सॉरी’ म्हणून मागे वळणार, तोच ती म्हणाली, “लांब का गं?”

मला प्रश्नच कळेना. मी सोलापुरात इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे माझं असं होतं. शब्द कळतात, माणूस काय विचारतंय ते कळत नाही. “दूध आणायला,” मी कसंबसं म्हणाले.

“मंग हितंच की. जा. फरशीवरनं जा, कडंनं सारवलंय.”

त्या शेवंताआजी. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ असं त्या कधीही विचारत नसत. “कुटं म्हनलं की काम मोडतं,” हे त्यांनीच मला नंतर कधीतरी सांगितलं. “लांब का, असं इचारावं. त्यानं हितंच म्हनावं. म्हंजी मानूस माघारी येतं.” त्यामुळे अंगणातून जाणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न असे. कानात इअरफोन घातलेली मुलं उत्तर न देता निघून जात. आजी त्यांच्या पाठीकडे बघून म्हणत, “कानात बोळं घातल्यात. म्हसरानं तरी मान हलावली असती.”

आमच्या इमारती इतक्या खेटून आहेत, की शेजारच्या विंगेतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपला गॅस बंद करावा. फ्लॅट घेताना ते कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते हे, की सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माहितीपत्रकातल्या नकाशात आमच्या फाटकापासून बाजारापर्यंत एक ठिपक्यांची रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘चार मिनिटं’. ते खरंही होतं. गिरणी, इस्त्रीवाला, शिंपीणबाई, रविवारचा मासळीवाला, बसचा थांबा, सगळं त्या चार मिनिटांत होतं. मी कोणाशी फारशी बोलत नाही, पण त्या वाटेवर न बोलताही माणसांत असल्यासारखं वाटे. गिरणीवाल्या काकू माझा डबा ओळखू लागल्या होत्या. ठिपक्यांची रेघ ज्या अंगणातून जात होती, ते अंगण आणि त्यातलं घर मात्र नकाशात नव्हतं.

सोसायटीची सगळी जमीन एके काळी शेवंताआजींच्या घरची. मुलांनी ती बिल्डरला दिली, तेव्हा आजींनी एकच अट घातली होती. शेताचा राखणदार म्हसोबा उंबराखाली होता, आणि ती जागा सोसायटीत गेली. आता तो आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात आहे. दर अमावस्येला त्याला दहीभात आणि नारळ आजींच्या हातून जायला हवा, म्हणून भिंतीत एक फाटक ठेवायचं. त्याच्या बदल्यात सोसायटीच्या लोकांनी खुशाल त्यांच्या अंगणातून बाजारात जावं. कागद वगैरे काही झाला नाही. “हातावर पानी सोडलंय त्या बिल्डरनं, म्हसोबाम्होरं,” असं आजी सांगत. कागदापेक्षा ते पक्कं, असं त्यांना मनापासून वाटे. पावसात लोकांचे पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या ओट्याच्या शहाबादी फरश्या उखडून त्या वाटेवर टाकल्या होत्या. “आमी काय, मातीतच बसतो,” म्हणत.

मी एकदा त्यांना विचारलं, “आजी, इतकी माणसं दारातून जातात, त्रास नाही का होत?”

“जित्याजागत्या मान्साचा कसला तरास?” त्या म्हणाल्या. “पोरं सांच्याला येत्यात आन् मोबाइल बघत्यात. तुमी तरी हितंच म्हंता.”

मग सेक्रेटरीकाकांची सायकल गेली. लाल रंगाची, गिअरची, महागाची. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तेच चाललं होतं. संध्याकाळपर्यंत चोर मागच्या वाटेनं आला हे ठरूनही गेलं. कोणी लिहिलं, ‘गाववाले कधीही आत येतात.’ कोणी लिहिलं, ‘ती आजी सतत सगळ्यांवर नजर ठेवून असते.’

मी ती सायकल पाहिली होती. आदल्या दिवशी सकाळी आमच्या विंगेतून एक भाडेकरू घर सोडून गेले. त्यांचं सामान भरणाऱ्या टेम्पोत, गादीच्या मागे, तिचं लाल हँडल माझ्या बाल्कनीतून स्पष्ट दिसत होतं. सामानवाल्यांनी चुकून चढवली की मुद्दाम, देव जाणे. टेम्पो मात्र मुख्य गेटमधून, रखवालदाराच्या सलामासकट बाहेर गेला. मी ग्रुपवर हे लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. तीनदा.

रविवारी क्लबहाउसमध्ये सभा झाली. मी शेवटच्या रांगेत बसले. काकांनी विचारलं, “फाटक बंद करायला कोणाची हरकत?” एक आजोबा म्हणाले, “अहो, पण मग बाजारात जायचं कसं?” त्यावर मागून कोणीतरी, “आजोबा, ऑर्डर करा की, दहा मिनिटांत येतं!” सगळे हसले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. फक्त ते मी बोलले असते, तर चाळीस चेहरे माझ्याकडे वळले असते. मी हात वर केला नाही. ठराव एकमताने झाला. त्या एकमतात माझंही मत आहे.

आठवड्याभरात फाटकाच्या जागी विटांची भिंत आली. आता बाजाराला मुख्य रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. तिथे फुटपाथ नाही, डंपर मात्र अंगावर येतात. म्हणून कोणी चालत नाही. चार मिनिटांवर भाजी आहे आणि आम्ही ती मोबाइलवरून मागवतो.

पुढच्या अमावस्येला शेवंताआजी दहीभाताची वाटी पदराखाली झाकून त्या रस्त्यानं मुख्य गेटवर आल्या. पुढचं मला रखवालदारानंच नंतर सांगितलं. त्यानं विचारलं, “किसके यहाँ जाना है?” आजी म्हणाल्या, “म्हसोबाकडं.” त्यानं फ्लॅट नंबर विचारला. तो बिचारा तरी काय करणार, त्याच्या मशिनला नंबर लागतो. शेवटी आजी म्हणाल्या, “ती चष्मेवाली पोरगी न्हाई का, हळू बोलती ती. तिला इचार.”

माझ्या फोनवर सूचना आली. धूसर फोटोत त्यांचं कुंकू आणि वाटीची कड दिसत होती. खाली दोन बटणं, परवानगी द्या, नाकारा. मी घरूनच काम करत होते. मीटिंग चालू होती, हे खरं आहे. पण मीटिंगमध्येही बोट हलतं. मी बघत राहिले, आणि मनात एवढंच होतं की माझ्या फ्लॅटच्या नावावर त्या आत आल्या हे कमिटीला कळेल. मी नाकारलं नाही. थोड्या वेळानं सूचना आपोआप गेली.

मला वाटलं, रखवालदार सोडेल त्यांना. त्यानं सोडलं नाही.

महिनाभरानं मी आजींकडे गेले. रिक्षा केली, कारण रस्त्यानं चालायची हिंमत होत नाही. अंगणाच्या कडेला गवत वाढलं होतं. फरश्या भिंतीपर्यंत जाऊन थांबल्या होत्या. आजी दारातच होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सायकल, टेम्पो, सभा, फोन.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुला दिसली व्हती सायकल?”

“हो.”

“आन् माजा फोटूबी दिसला?”

“हो, आजी.”

“कुनी तोंड दाबलं व्हतं का तुजं?”

मी नाही म्हणाले.

“वाईट मानूस परवाडला,” त्या म्हणाल्या. “त्याला शिवी तरी देता येती. तुला काय देऊ?”

आतून त्यांची सून चहाचं विचारत होती. “नगं,” आजींनीच परस्पर सांगितलं, “ती बसनार न्हाई.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पोरं ह्यो तुकडाबी देत्यात आता. वाट न्हाई तर अंगन कशाला, म्हंत्यात. मी जातीया लेकीकडं, पौडाच्या पल्याड. म्हसोबाचं काय करायचं, ते तुमची कमिटी बघंल.”

मी “येते” म्हणाले. रिक्षा रस्त्यावर थांबली होती. फरशीवरूनच चालले, सवयीनं. अंगणाच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. चढलेला नव्हता, तांदूळ निवडताना असायचा तसाच.

“कुटं निघालीस?”