मांडावर पडलेली ओळ

सुमंगला माझी धाकटी बहीण. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत तिच्यासारखी धालो गाणारी दुसरी दाखवा, मी मिशी उतरवीन. आवाज आमच्या घराण्याचा. मी सहावी शिकलेला, पण खाणीवर ट्रक चालवताना गायला लागलो की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे नाहीत.

लग्न करून ती आमच्याच वाड्यावर राहिली. फोनचं वेड तिला मागाहून लागलं. भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकलेला. गाणं टाकलं की किती जणांनी बघितलं ते आधी, तवा मागाहून. तिचे यजमान कृष्णनाथ म्हणायचे, "आमच्या घरात आता करपलेल्या भाकरेक पण लाईक देवचो लागता."

धालो म्हणजे बायकांचं नाचगाणं. पौषात काही रात्री मांडावर, म्हणजे सारवलेल्या अंगणात, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी उचलते. शेवटी बायका पुरुषांची सोंगं काढतात. पुरुषांनी तिथे फिरकायचं नाही. मी एवढा म्हातारा झालो, कधी बघितलं नव्हतं.

गेल्या पौषात बघितलं. हॉटेलात भाजीपाव खाताना, दुसऱ्याच्या फोनवर, सुमंगलेने टाकलेल्या व्हिडिओत. शेजारची पार्वतीवयनी, विधवा बाई, नवऱ्याचा शर्ट घालून तो पिऊन घरी कसा यायचा ते करून दाखवत होती. बायका हसून लोळत होत्या. हसता हसता वयनीचे डोळे वाहत होते. हॉटेलातले सगळे हसले. कोपऱ्यात तिचा मुलगा गौरेश बसलेला. चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

मी सगळ्यांना गप्प केलं. माझ्यापुढे या वाड्यावर कोणी बोलत नाही. मग सरळ सुमंगलेकडे.

"मी काय वायट दाखयलंय, दादा? लोक कौतुक करतत."

"तुझा करतत गो. तिका कोणी विचारल्यान?"

तिने फोन हातात घेतला. मग व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो घरोघर गेला होता. माफी मागायला गेली तर वयनीने दारातच सांगितलं, "माझो घोव मेलो. तेच्यावर हसाक माका एक मांडच होतो. तो पण तू घालवलंस."

तेव्हापासून सुमंगलेचा फोन रांधताना बाहेरच्या फळीवर असतो. गाणी टाकते, पण एकटीची, आणि काम आटोपल्यावर.

या पौषात मांडावर जाताना तिने फोन माझ्या हातात दिला. "मी येयसर तुझ्याकडे ठेव." गेली आणि पहिली ओळ घातली. समोरच्या रांगेने उचलली नाही. तिने परत घातली. परत कोणी नाही. शेवटी ती बाजूला जाऊन उभी राहिली. हे मला माझी बायको तारा हिने सांगितलं. तीही त्या समोरच्या रांगेत होती.

"माझी बहीण ती. तू तरी उचलूक होयी होती."

"मांडावर तुमचा काय चलना नाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंगलेकडे गेलो तर अंगणात पार्वतीवयनी उभी.

"काल तुझी ओळ खाली पडली," ती सांगत होती. "माका बरा नाय वाटला. आज पयली ओळ मी म्हणतंय. तू समोर रव आणि उचल."

सुमंगला हळूच म्हणाली, "खंयची ओळ म्हणतलंस?"

वयनीने तिथेच हलक्या आवाजात सुरुवात केली. सुमंगलेने उचलली.

मी पुरुष माणूस. फाटकातूनच मागे फिरलो.