काळी तीनचा सूर

अप्पा गेले हे मला बाजारात बांगडे घेताना कळलं. त्याला महिना होत आला. सगळे म्हणतात, त्यांच्यावर तुम्हीच लिहायला हवं. लिहितो; पण मला लाज वाटते आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अप्पा शिंपी. दिवसभर पाय मशीनवर आणि कार्तिकात, आमच्या देवळाच्या संगीत उत्सवात, बोटं पेटीवर. भातकापणी उरकली की बंदरावरचे, बागांतले, कचेरीतले सगळे संध्याकाळी सभामंडपात जमायचे. गाणाऱ्याआधी पेटीवर नांदी व्हायची आणि ती अप्पांनीच वाजवायची, हा तीस वर्षांचा रिवाज. रत्नागिरीत आमच्या पिढीला गाण्याचा कान आला तो त्या नांदीनं... मी उत्सवाचा चिटणीस झालो आणि मला शिंगं फुटली. पुण्याहून गायक बोलावले, त्यांचा साथीदारही. एसटीतून पेटी आणणं त्यांना नको होतं. मी अप्पांच्या दुकानात उभ्याउभ्याच सांगितलं, की यंदा तुम्ही आराम करा, पेटी तेवढी द्या. अप्पांनी हातातलं कापड बाजूला ठेवून पेटी उघडली.

"ने हो. पण काळी तीनला जप. दमट हवेत पट्टी दबून राहते, मग सूर थांबत नाय. करंगळीनं अशी उचलायची... बघितलंस?"

मी घड्याळ बघत होतो. हो म्हणालो.

गाणं रंगात आलं आणि नेमका तोच सूर लागून राहिला. साथीदार पट्टीवर थापा मारू लागला, गायक थांबले. समोर बसलेले अप्पा उठून दोन पावलं पुढे आले. पाहुण्यांपुढे शोभा नको, म्हणून मी हात वर करून त्यांना खाली बसवलं. अख्ख्या देवळानं ते पाहिलं. पेटी मी दुसऱ्याच कुणाच्या हाती परत पाठवली. त्यानंतर अप्पा उत्सवात आले नाहीत, आणि मी त्यांचं दुकान टाळून मागच्या गल्लीनं जायला लागलो. चार वर्षं.

दिवसकार्य झाल्यावर अप्पांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला, काकूंना भेटलो. त्यांनी पेटी पुढे केली. म्हणाल्या, "दर कार्तिकात पुसून, सूर बघून ठेवायचे. म्हणायचे, चिटणीस येईल न्यायला. तुम्ही काय आलात नाय."

पेटी आता माझ्या खोलीत आहे. काल संध्याकाळी उघडली, काळी तीन दाबली. ती दबूनच राहिली. करंगळी खालून घातली, बाजूनं घातली, जमेना. भात्यातली हवा संपेपर्यंत सूर वाजत राहिला. पट्टी कशी उचलायची ते अप्पांनी दाखवलं होतं. मी तेव्हा घड्याळ बघत होतो.