चेण्याच्या वाटेवरचे पुसलेले फोटो

चेणे गावाच्या मागच्या जंगलात आम्ही झाडांना कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा. बिबट्या, उदमांजर, मुंगूस, कोण कुठली वाट वापरतं आणि एकाच वाटेवर किती जणांचा वावर आहे, हे मोजायचं होतं. दर पंधरा दिवसांनी मी कार्डं शहरातल्या, केबिन रोडवरच्या घरी आणायचे आणि पहिलं काम करायचे ते माणसांचे फोटो पुसायचं. हा अभ्यास चालवणाऱ्या आमच्या सरांचा नियम. कुणाच्या खासगी आयुष्यात डोकावायचं नाही म्हणे. मलाही तो नियम फार सभ्य वाटायचा, याचाच आता संताप येतो.

कारण जवळजवळ प्रत्येक कार्डात एक मावशी असायची. पाड्यावरची, डोक्यावर लाकडांची मोळी, कॅमेऱ्याकडे रागाने बघत जाणारी. मी तिला मुकाट पुसत गेले. अहवालात त्या वाटेवर प्राण्यांचे आकडे आले आणि माणसाच्या रकान्यात शून्य. ते शून्य वाचून वनखात्याने वाटेला तारेचं कुंपण घातलं.

कॅमेरे काढायला गेले तेव्हा मावशी कुंपणाशीच उभी होती.

"तुझ्या डब्यासमोरून रोज जातंय मी. ऑफिसात सांगतात, इथून कोन जात न्हाय. दाव माझा फोटो."

"नाहीये, मावशी. पुसले."

"सगले?"

"सगळे."

"मग आता कशाला आलीस? तुझ्या बापाची वाट हाय?"

काहीतरी दाखवायचं म्हणून मी मोबाइलमधला, याच वाटेवरचा बिबट्याचा फोटो उघडला. तो मी इमारतीत सगळ्यांना मिरवून दाखवला होता. मावशीने बिबट्याकडे बघितलंही नाही. तिने कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे निळ्या दोरीने बांधलेली मोळी पडली होती आणि बिबट्या ती हुंगत होता.

"ही माझी. एक हितं ठेवते, दुसरी आनाय जाते."

इतक्या वेळा बघूनही ती मोळी मला कधी दिसली नव्हती. स्वतःची लाज वाटली आणि सरांचा त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून मी सरांच्या टेबलावर आपटला. मावशीचं सगळं सांगितलं, आणि ते शून्य आजच्या आज दुरुस्त करा म्हटलं. सरांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला.

"सुंदर आलाय," ते म्हणाले. "पण यात माणूस कुठाय?"