न हरवलेला तोळा

ही गोष्ट सांगायचं मी बारा वर्षं टाळत आलो. सुमनवहिनी गेल्याचा पुतण्याचा फोन दौंडहून आला, त्याला महिना होऊन गेला. आता ऐकून घ्यायला त्या नाहीत... आणि आता मी लिहायला बसलो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. आमच्या आईचं अंथरुणातलं सगळं त्यांनीच वडगाव रासाईच्या घरी चार वर्षं केलं. दागिन्यांच्या पेटीची किल्लीही त्यांच्याकडेच असायची. आई गेल्यावर आम्ही भावंडं वाटणीला बसलो. पेटीतल्या चिठ्ठीवर शिरूरच्या सोनाराच्या अक्षरात 'मोहनमाळ, सहा तोळे' एवढंच होतं, तारीख नव्हती. दौंडला वजन करून आणली तर माळ साठ ग्रॅम भरली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. माळ आईच्या लग्नातली, तेव्हाचा तोळा अकरा ग्रॅम सहासष्टचा, म्हणजे सत्तर ग्रॅम हवेत, असा गुणाकार मी सगळ्यांदेखत कागदावर करून दाखवला. दहा ग्रॅम कमी! सगळ्यांची नजर वहिनींकडे गेली.

"भावजी, तुमचं गणित बरोबरच असंल," त्या म्हणाल्या, "पन मी काय घेतलं न्हाई."

पुढे माझ्या मुलीच्या लग्नात त्या दिवसभर मांडवातच बसून राहिल्या. नवरीचे दागिने ठेवलेल्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. बहिणीने बोलावलं तर म्हणाल्या, "हितंच बरी हाय मी."

काही वर्षांनी नातीच्या कानातल्यांसाठी शिरूरला त्याच सोनाराकडे गेलो. बोलता बोलता माळेचा विषय निघाला. म्हातारा म्हणाला, "आवो गुर्जी, तुमच्या आईनं जुनी माळ मोडून माझ्याकडनंच नवी करून घेतली. चिठ्ठी तवाची. तवा आमी धा ग्रॅमचाच तोळा धरत व्हतो."

सहा तोळे, साठ ग्रॅम. गुणाकार बरोबर होता, तोळाच चुकीचा धरला होता. कागद पुढे ओढण्याआधी सोनाराला एकदा विचारावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. आणि हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. मास्तरांचं गणित चुकलं, हे भावंडांसमोर कसं सांगायचं...

गेल्या दिवाळीनंतर दौंडला गेलो, ते सांगायचं ठरवूनच. वहिनींनी चहा पुढे ठेवला. "साखर मोजून घातलीया, भावजी. कमी निघाली तर सांगा." त्या हसल्या. मीही हसलो. मग उसाचं, नातवंडांचं बोललो, त्यांच्या पाया पडलो आणि एसटी गाठली. तिथवर नेलेलं आणि तसंच परत आणलेलं बोलणं एवढंच होतं: वहिनी, माळ पुरी होती. चुकलो मी. मला माफ करा.